‘बाय’ म्हणायचं नाही

समईवर पाणी पडलं तेव्हा आधी चर्र झालं, मग धुराची एक बारीक शेपटी वर गेली, आणि मग वात्सल्यगृहाच्या अंगणातली सगळी मोठी माणसं एकदम मुकी झाली. प्रमुख पाहुण्यांच्या कोटावरून पाणी निथळत होतं. शालू रिकामी कळशी पोटाशी धरून उभी होती आणि विझलेल्या वातींकडे टक लावून बघत होती. साप मारल्यावर माणूस बघतं ना, मेला की अजून वळवळतोय, तशी.

"धरा तिला!" चिटणीस हरिहरराव ओक ओरडले. "धरा म्हणतो ना! बघताय काय?"

कुणी हात घालायच्या आत भागीरथी भोईर पुढे झाली. पाहुण्यांना हार घालायला पोरीला हाक तिनंच मारली होती, "ये बाय, ये गो, लवकर ये!" म्हणून. आता तिनं पोरीला पदराखाली घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि पुटपुटत राहिली, "बाय गो माजे बाय, नको गो बाय…" पोर कापत होती ती आणखीच कापायला लागली. शेवटी भागीरथीच्या मनगटाला कडकडून चावली आणि पळाली.

"घ्या," हरिहरराव धोतराचा सोगा पिळत म्हणाले. "मायेची पोचपावती मिळाली, भोईरबाई."

पाहुणे हसले नाहीत. पण बाकीच्यांना हसायला परवानगी मिळाली.

हे घर शीळफाट्याच्या रस्त्याला होतं, डोंबिवलीच्या बाहेर, भाताची खाचरं संपून खाडीचा खारट वारा सुरू होतो तिथं. देशाची फाळणी झाली, कल्याणच्या लष्करी बराकी निर्वासितांनी भरल्या, आणि गर्दीच्या पायाखाली काही पोरं उरली. कुणाची आई नाही, कुणाचं गाव नाही, कुणाची वाचा नाही. एक पोर भाकरीचे तुकडे उशीखाली लपवून ठेवी. एक मुलगी आगगाडीची शिट्टी ऐकली की जागच्या जागी मुतायची. त्यांच्यासाठी कल्याणातल्या चार सुशिक्षितांनी हे घर काढायचं ठरवलं. पण घराला जमीन लागते, आणि जमीन होती गोमाजी भोईराच्या विधवेची. भागीरथीनं ती दिली. दिली म्हणून तिला विश्वस्त करावं लागलं. आणि विश्वस्त केलं म्हणून तिला खुर्ची द्यावी लागली. ती दाराजवळची होती.

बाकीचे तिघे कल्याणहून टांग्यानं येत. अध्यक्ष डॉक्टर राजे, भला माणूस, पण शेवटी जो बोलेल त्याचं खरं मानणारा. गोदाताई केतकर, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या छडीला कल्याणातली अर्धी बायकामंडळी अजून भीत असे. आणि हरिहरराव वकील. कुणाकडून एक पैसा न घेता त्या माणसानं घरासाठी जेवढे जोडे झिजवले तेवढे कुणीच झिजवले नव्हते. कौलं त्यांनी आणली, विहीर त्यांनी उपसून घेतली, कलेक्टरच्या दारात उन्हात उभे राहिले ते हेच. भागीरथीला हे सगळं कबूल होतं. म्हणूनच त्यांचा राग जास्त यायचा. हलकट माणसाचा राग थुंकून टाकता येतो.

"मुलांना शिस्त लागतेय," हरिहरराव दर बैठकीत म्हणायचे, "पण या स्वयंपाकघरातल्या बायका! सुकटीचा वास काय, आरडाओरडा काय. मुलं उद्या 'पानी, लोनी' बोलायला लागतील."

"बोलली तर बोलली," भागीरथी म्हणायची. "मुकी असल्याशी बरी."

भागीरथी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवो न येवो, धवलारणीवाचून हळद हलत नाही. ती गाते तेव्हा नवरी उभी राहते, ती गाते तेव्हा नवरी रडते. पंचक्रोशीत दिवा गावापासून शीळपर्यंत तिच्या धवळ्यांवाचून, म्हणजे लग्नगाण्यांवाचून, सासरी गेलेली नवरी शोधून सापडली नसती. आणि तिच्या प्रत्येक धवळ्यात एक शब्द असायचाच, मिठागरातल्या माणसाच्या अंगावर मीठ असतं तसा.

बाय गो माजे बाय, मिठाची खडी,
उनान चमकं गो, पान्यान दडी.

लेकीला बाय, सुनेला बाय, शेजारणीच्या तान्हीला बाय. गाईच्या कालवडीलासुद्धा बाय. लाडाचं, धाकाचं, रडण्याचं, सगळं काम त्या एका शब्दाकडे. तिची स्वतःची लेक चालायला लागण्याआधीच गेली होती. तिला दुसरं नाव ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता. ती नुसती बाय म्हणूनच गेली.

शालू वर्षापूर्वी पोलिसांना कल्याण स्टेशनवर सापडली होती. सात-आठ वर्षांची असेल. बोलत नव्हती. छावणीतली माणसं येऊन बघून गेली, आपली म्हणून कुणी ओळखली नाही, आणि तिनंही कुणाला ओ दिली नाही. विश्वस्तांनी तिचं नाव शालू ठेवलं. पोर तशी गुणाची होती. तासन् तास तांदूळ निवडायची. पण मधेच काय व्हायचं कुणास ठाऊक! चेहरा पांढरा पडायचा, हाताला लागेल ते भांडं उचलायची आणि पाणी चुलीवर. सगुणाची चूल तिनं इतक्यांदा विझवली होती की सगुणानं मोजायचं सोडून दिलं होतं.

"मामे," सगुणा त्या समारंभाच्या संध्याकाळी ओल्या लाकडांवर फुंकर घालत म्हणाली. ती गोमाजीची भाची, घरातला स्वयंपाक तिच्याकडे. "तुजी ती येडी चुलीन पानी वतते. मी भात शिजवू कशावर? तुज्या डोस्क्यावर?"

"येडी बोलू नको."

"मंग शानी बोलू? शानी पोर हातान चावतं?"

भागीरथीनं मनगट पदराखाली घेतलं.

दुसऱ्याच दिवशी हरिहररावांचा हुकूम आला. येत्या रविवारी बैठक. विषय एकच, शालूला ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवणे. डॉक्टरांनी पत्र तयार ठेवलं आहे. तोवर मुलगी कोठीच्या खोलीत राहील, गोदाताई स्वतः मुक्कामाला येऊन देखरेख करतील, आणि गावातल्या कुणी तिच्याजवळ जायचं नाही. "विश्वस्त भोईरबाईंनीसुद्धा."

भागीरथी गेलीच. गोदाताई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर विणकाम.

"मना येक डाव बघू द्या."

"नाही."

"लांबशी बघतंय."

"भागीरथीबाई, तुम्ही जवळ गेलात की ती बिघडते. हे मी म्हणत नाही, सगळ्यांनी पाहिलंय." गोदाताईंनी सुई उचलली. "माया असेल तर लांब राहा."

आतून काहीच आवाज आला नाही. मागच्या बाजूला सगुणा आपल्या पोरीला हाक मारत होती, "बायऽ! बाय गो, लाकडा आन!" आणि लगेच आत मडकं फुटलं. दाराखालून पाण्याचा ओघळ आला, गोदाताईंच्या पायापर्यंत.

"बघितलंत?" गोदाताई म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या आलात, आणि बघा."

भागीरथी परत फिरली. वेड्यांच्या इस्पितळात गेलेलं माणूस परत आल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. तिच्या गावातल्या एका बाईला बाळंतपणात भ्रम झाला होता. तिला नेलं, आणि नंतर तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नात धवळे भागीरथीनंच गायले होते.

गुरुवारी तिच्या अंगणात पार्पती आली. निर्वासितांच्या छावणीतली पापडवाली. उंच, काटकुळी, सलवार-कमीज घातलेली. डोक्यावर पापडांची टोपली घेऊन ती गावोगाव फिरायची आणि गावातल्या बायका तिच्या पायजम्याला हसत हसत पापड घ्यायच्या. त्या वेळी शेजारची तान्ही रांगत रांगत विहिरीच्या काठाकडे निघाली होती. भागीरथी जागेवरूनच ओरडली, पोटातून, धवलारणीच्या गळ्यानं:

"बायऽह! गो बायऽह!"

शेजारणीनं पोर उचलली. पण इकडे पार्पतीनं टोपली फेकून दिली होती. पापड अंगणभर. ती छपराकडे बघत गर्रकन फिरली.

"किधर? किधर लगी?"

"काय किधर?"

"बाहि! तू ही तो चिल्लाई, बाहि, बाहि!"

"मी पोरीला बोलवलं. बाय. पोर."

पार्पती छातीवर हात ठेवून मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "माई, हमारे सिंध में बाहि बोले तो आग. घर को लगती है, वो आग. तुम्हारे गाँव में पहली बार आई ना, जिधर देखो औरतें चिल्लाती, आग, आग! मैं बोली, वाह रे गाँव, सारा दिन जलता है और भात कच्चा का कच्चा." तिनं एक पापड उचलून फुंकला. "अब आदत हो गई. आज तू ज़ोर से बोली तो फिर कलेजा गया. हम लोगों ने देखी है ना आग. रात को सोए घर में, सुबह घर नहीं."

भागीरथी ओट्यावर बसली.

चूल. समई. कोठीतलं मडकं. पोरीच्या पाठीवर फिरणारा आपला हात, आणि त्या हाताबरोबर कानाशी म्हटलेलं ते. पोर जितकी थरथरायची तितकं आपण जास्त म्हणायचो. बाय गो बाय. आग लागली गो, आग लागली. कानाला ओठ लावून, रात्री झोपवताना, ताप आला तेव्हा, न्हाऊ घालताना. वर्षभर. आणि पोर बिचारी करत काय होती? जे कुणी वेळेवर केलं नाही ते करत होती. पाणी ओतत होती.

"इझली, असा कसा बोलतान तुमच्यान?" तिनं विचारलं.

"क्या?"

"आग बुझ गया. तुमचे में."

"बाहि विसामी वई."

"इसामी वई."

"वि-सा-मी." पार्पतीनं तिच्याकडे नीट बघितलं. "काहे को पूछती है?"

भागीरथीनं सांगितलं. पार्पतीचं हसू गेलं. ती पापड गोळा करत राहिली, फुटलेले एका बाजूला, सबंध एका बाजूला. मग म्हणाली, "इतवार को आऊँगी मैं."

भागीरथी सगुणाला सांगायला गेली तर सगुणा भडकली.

"म्हंजे आता बाय बोलाचं नाय? मी माज्या पोरीला काय बोलू? 'अहो कुमारी' बोलू?" तिनं पळी आपटली. "आन तू हे त्या वकिलाला सांगनार? मामे, तुला अक्कल हाय का? त्याला कवापासून आमाला इथशी काडाचा हाय. तू जाऊन त्याच्या हातान कोयता देनार नि मान पन वाकवनार?"

"नाय सांगला तं पोर जाईल."

"पोर कोनाची? तुजी? माजी? मी हितं हाय म्हनून माजी पोरा जेवतान. त्याचा इचार कर."

भागीरथीनं विचार केला. दुसरा मार्ग नव्हता असं नाही. पोरीला सरळ आपल्या घरी आणावं, जमीन दिलीय, एवढा हक्क असतो. ती हे मनाशी जुळवतच होती तोवर पलीकडच्या आळीतून कुणी तरी कुणाला तरी हाक मारली, बायऽ. मग दुसरीनं ओ दिली. मग विहिरीवर. मग खळ्यात. सूर्य मावळेपर्यंत गाव नुसतं बाय, बाय करत होतं, आणि भागीरथी आयुष्यात पहिल्यांदा आपलं गाव बाहेरच्या कानानं ऐकत होती. या आगीत आणायचं होतं तिला पोरीला? तिनं ठरवलं, निदान आपण तरी बोलायचं नाही. रात्री कोंबडी डालताना तोंडातून गेलंच. पहाटे कालवडीला पेंढा टाकताना गेलं. जीभ चावली, तरी गेलं.

रविवारी टांगा आला. बैठकीच्या खोलीत टेबलावर तांब्या-भांडं, हरिहररावांची दौत, डॉक्टरांचं पत्र. भागीरथी दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि पार्पती तिच्या मागे उभी राहिली.

"ही कोण?" हरिहररावांनी विचारलं.

"माज्याबरोबर हाय."

"पापड विकायला बैठकीत आणलंत? बरं. चहाबरोबर घेऊ." त्यांनी कागद पुढे ओढला. "ठराव वाचून झालेला आहे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हरिहररावांचा हात वर होताच. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघत हात वर केला. गोदाताईंचा हात टेबलावरून उठला, कोपरापर्यंत आला, मग पुरता वर गेला.

"प्रतिकूल?"

"मना बोलाचा हाय," भागीरथी म्हणाली.

"बोला. मत एकच राहील, पण बोला."

ती बोलली. आडपडदा न ठेवता, सगळं. शब्द कुठला, तो आमचा कसा, त्यांचा कसा, पोर पाणी का ओतते. बोलताना तो शब्द मात्र तिनं उच्चारला नाही, आमची पोरींना मारायची हाक एवढंच म्हणाली; भिंतीपलीकडे कोठीची खोली होती. पोर सिंधकडची आहे, वेडी नाही, असं म्हणून ती थांबली.

"छान," हरिहरराव म्हणाले. "म्हणजे 'बाई' म्हटलं की मुलीला आग दिसते. मग या केतकरबाई, तुम्ही भोईरबाई, आम्ही दिवसभर बाई-बाई करतो, तेव्हा का नाही दिसत?"

"बाई नाय. आमचा वेगला."

"वेगळा! बरं, पुरावा पाहू. कोर्टात असंच असतं. गोदाताई, आणा तिला."

"नको," भागीरथी उठली. "तिला नका तरास देऊ. हिला इचारा, ही सिंधी हाय, ही सांगंल."

"तुम्ही आणलेला साक्षीदार तुमच्याच बाजूनं बोलणार. आणा तिला, गोदाताई."

शालू आली. केस विंचरलेले, डोळे जमिनीवर. हरिहररावांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हटलं, "बाई!" पोर हलली नाही. "बाई!! … अहो बाई!" पोरीनं एकदा नाक खाजवलं. डॉक्टर खाली बघून हसले.

"झालं समाधान?" हरिहरराव मागे टेकले. "हे असले आगरी चमत्कार ठरावात लिहिता येत नाहीत, भोईरबाई."

भागीरथीनं शालूकडे पाहिलं. पोरीनंही डोळे वर केले होते. त्या डोळ्यांत विश्वास नव्हता, ओळख होती. ही ती बाई, जी जवळ घेते आणि आग लावते. आता आणखी एकदा लावली तर पोर वाचणार होती. न लावली तर पत्र ठाण्याला जाणार होतं. डोळे मिटून, हळदीच्या वेळी सूर पकडावा तसा श्वास घेऊन भागीरथी म्हणाली, मोठ्यानं नाही, पण जसं म्हणायचं तसं:

"बायऽह."

पोरीचा चेहरा पांढरा झाला. तिनं आधी आढ्याकडे बघितलं. मग टेबलावरचा तांब्या दोन्ही हातांनी ओढला. डॉक्टर मागे सरकले, हरिहररावांनी कागद छातीशी धरले. पण पोर कुणाच्या अंगावर आली नाही. ती तांब्या घेऊन आग शोधायला लागली. टेबलाखाली वाकून बघितलं. कपाटामागे बघितलं. दाराच्या फटीत. तिला कुठंच आग सापडेना, आणि सापडत नव्हती म्हणून तिचा जीव आणखी वरखाली होत होता. शेवटी ती एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, डॉक्टरांच्या, गोदाताईंच्या, हरिहररावांच्या, कुठं आहे ते सांगा म्हणून. तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं.

"बाहि," भागीरथी म्हणाली. "बाहि इसामी वई."

पोर थांबली. शब्द ओळखीचा होता, तोंड परकं होतं. मग पार्पती पुढे झाली, उकिडवी बसली आणि तिनं ते नीट म्हटलं, आईनं लेकीला म्हणावं तसं, घाई न करता. "बाहि विसामी वई, धीअ."

"विसामी?"

कुणालाच आधी कळलं नाही आवाज कुठून आला ते. वर्षभर न वापरलेला आवाज होता, गंजलेल्या कडीसारखा.

"वई, वई. विसामी वई."

पोरीनं तांब्या हळूच खाली ठेवला. मग स्वतःही खाली बसली आणि पार्पतीचा कमीज मुठीत धरून हुंदके द्यायला लागली. गोदाताईंनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिल्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

"हे पत्र मागे घेतो," डॉक्टर म्हणाले. "अर्थातच. ठराव रद्द समजा."

"एक ठराव रद्द," हरिहरराव म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ होता आणि तो मऊपणा भागीरथीला चांगला ओळखू यायचा. "पण खरा प्रश्न आत्ता कळला. आपण इथं घाबरलेल्या मुलांना निवारा द्यायला बसलो. आणि आपल्याच एका विश्वस्त बाईंनी वर्षभर, रोज, या मुलीच्या कानात आग लावली. मी खोटं बोलत असेन तर सांगा."

खोटं नव्हतंच ते.

"हरिहरराव," गोदाताई म्हणाल्या, "त्यांना माहीत नव्हतं. आता नाही म्हणणार त्या."

"नाही म्हणणार?" त्यांनी भागीरथीकडे वळून विचारलं. "शपथेवर सांगता? तोंडातून कधी जाणार नाही?"

कोंबडी डालताना गेलं होतं. कालवडीला गेलं होतं. भागीरथीनं मान खाली घातली. "जाईल."

"ऐकलंत? त्यांनीच सांगितलं. तेव्हा माझी सूचना अशी. भोईरबाईंनी विश्वस्तपद सोडावं आणि या आवारात पाऊल टाकू नये. स्वयंपाकघरातल्या गावातल्या बायकाही बदलाव्यात. मुलीच्या हिताचं आहे. सगळं मुलीच्या हिताचं."

सगुणाचं भाकीत शब्दशः खरं झालं होतं. मागच्या पडवीत सगुणा कान लावून उभी असणार, हेही भागीरथीला ठाऊक होतं.

"मान मी वाकवली," ती म्हणाली. "माजी येकलीची. सगुणा राहील. ती मागच्या शेडान रांधंल, हितवर तिचा आवाज येनार नाय. तिला काडली, तं वकीलसायेब, तुमच्या चुली माज्या जमिनीवरशी उचला. कौला बी उचला. मी कोर्टान जाईन, हरीन, पन तुमाला धा वर्सा कल्यानच्या कोर्टान बशीवीन. तुमाला आवडतंच ना कोर्ट."

हरिहररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "शेड ठीक आहे. शेडला कुणाची हरकत नसावी."

"आन ही रोज येईल." तिनं पार्पतीकडे बोट केलं. "पोरीशी बोलाला. पापड तुमी इकत घ्याचं."

हरिहररावांनी तेही लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी राजीनाम्याचा कागद तिच्याकडे सरकवला आणि शाईची गादी उघडून ठेवली. खाली पार्पती पोरीशी काही तरी बोलत होती. पोर एकेक शब्दानं उत्तर देत होती. एक शब्द, मग लांब शांतता, मग दुसरा.

"नाम पूछा मैंने," पार्पती वर बघून म्हणाली. "लछी."

"लक्ष्मी," हरिहररावांनी म्हटलं आणि बैठकीच्या कागदावरचं 'शालू' खोडून वर लिहायला घेतलं.

"लछी बोल्ली ती," भागीरथी म्हणाली.

"अहो, लक्ष्मीचाच अपभ्रंश. कागदोपत्री शुद्ध रूप असतं."

भागीरथीनं गादीवर अंगठा दाबला, काळा केला, आणि कागदाच्या वर तसाच अधांतरी धरला. "ल्हिवा."

"काय?"

"तिनं सांगला तसा. लछी. मंग अंगठा."

हरिहररावांचा टाक कागदावर थांबला. तिनं हात खाली केला नाही. टाकावरून शाईचा एक थेंब कागदाच्या कडेला पडला, मग दुसरा. शेवटी त्यांनी 'लक्ष्मी'वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं.

"गोदाताई, वाचून दाखवा," भागीरथी म्हणाली. "मना अक्षरा कलत नाय. वकिलांची तं नायच."

गोदाताईंनी चष्मा घातला. "लछी," त्यांनी वाचलं. शाळेत हजेरी घ्यावी तसं, स्पष्ट.

खाली बसलेल्या पोरीनं मान वर केली. नुसती मान वर केली, आणि बघितलं कुणी हाक मारली ते.

भागीरथीनं कागदावर अंगठा उठवला. हरिहररावांनी गादी मिटली, कागद ओढून घेतला, त्यावर फुंकर घातली. अंगठा पुसायला फडकं मात्र दिलं नाही.